पहिल्यांदा फ्लॅट भाड्याने देताना: किल्ली द्यायच्या आधीची आणि नंतरची कामं

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी पुण्यात दुसरा फ्लॅट घेतलाय, काहींना आई-वडिलांचं घर वारशाने मिळालंय, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो की भाड्याने द्यायचंय तर सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते. मी स्वतः वाकडमधला टूबीएचके गेली काही वर्षं भाड्याने देतेय आणि पहिल्याच वर्षी चांगला फटका खाल्लाय, तो पुढे येईलच. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आणि राहत्या घरापुरतं आहे, दुकान-ऑफिसचे नियम वेगळे, जुन्या पागडीच्या घरांचं तर पूर्णच वेगळं.

१. आधी वहीत आकडे मांडा

भाडं म्हणजे घरबसल्या उत्पन्न असं आपण धरून चालतो, पण एकदा खरा हिशोब करून बघा. समजा फ्लॅट ७० लाखांचा आहे आणि भाडं २२ हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतंच, म्हणजे हातात आले २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्स महिना ३ हजार धरला तर ३६ हजार गेले, प्रॉपर्टी टॅक्स समजा १८ हजार, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं २२ हजार, आणि रंग-प्लंबर-इलेक्ट्रिशियन मिळून १५ हजार. उरले १ लाख ५१ हजार, म्हणजे ७० लाखांवर सव्वादोन टक्क्यांपेक्षाही कमी, तेही इन्कम टॅक्सच्या आधी. आता याच फ्लॅटवर ५० लाखांचं लोन असेल, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांचं, तर हप्ता येतो साधारण ४३ हजार ४००. भाड्यात हप्ता निघेल असं कोणी सांगत असेल तर त्याला ही बेरीज-वजाबाकी दाखवा.

फ्लॅट घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. पण भाडं दोन महिने थांबलं तर हप्ता कुठून भरणार याचं उत्तर आधी तयार पाहिजे. निदान तीन-चार हप्त्यांचे पैसे बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका.

पुण्यात अजून एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते. महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्के सवलत देते, घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही. त्यामुळे आधीच्या मालकाचं बिल बघून टॅक्स धरू नका, सवलतीशिवाय किती होतो तो आकडा घ्या.

२. घर तयार करा आणि भाडेकरू शोधा

यावर फार लिहीत नाही. गळके नळ, बाथरूममधली ओल, ढिले स्विच, हे सगळं कोणी राहायला यायच्या आधी करून घ्या, नंतर दुप्पट त्रास होतो कारण माणूस घरात असताना फरशी फोडावी लागते. गिझर, एक्झॉस्ट फॅन, जाळीचं दार एवढं असलं की घर लवकर जातं. महागडं फर्निचर करून भाडं त्या प्रमाणात वाढत नाही, हा माझा अनुभव.

भाडं ठरवताना ऑनलाइन जाहिरातीतले आकडे धरू नका, ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात. सोसायटीच्या वॉचमनला आणि दोन शेजाऱ्यांना विचारा की गेल्या सहा महिन्यांत कितीला गेलं. दोन हजार जास्त मिळतील म्हणून घर दोन महिने रिकामं ठेवलं तर बुडालेलं दोन महिन्यांचं भाडं भरून निघायला जवळपास दोन वर्षं लागतात, करा हिशोब.

ऑनलाइन जाहिरात टाकली की एक फोन हमखास येतो. मी सैन्यात आहे, बदली झालीय, घर न बघताच पसंत आहे, डिपॉझिट आत्ताच पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा. फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीच कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

भाडेकरूला प्रत्यक्ष भेटा, निवांत बोला. कुठे काम करतो, आधी कुठे राहत होता, तिथून का निघतोय, आणि आधीच्या मालकाचा नंबर मागून खरंच फोन करा, पाच मिनिटांत बरंच कळतं. आडनाव, जात, धर्म, काय खातो, लग्न झालंय का, यावरून लोकांना दारातून परत पाठवायची जी पद्धत पडलीये ती मला अजिबात पटत नाही. सात-आठ घरं बघून प्रत्येक ठिकाणी नाही ऐकलेली मुलगी माझ्याकडे आली होती, तीन वर्षं राहिली आणि घर जसंच्या तसं परत दिलं. भाडं वेळेवर येईल का आणि घर नीट राहील का, एवढंच बघायचं असतं. फक्त तीन-चार मुलं किंवा मुली मिळून राहणार असतील तर सगळ्यांची नावं करारात घ्या, एकाच्याच नावावर करू नका, कारण तो एक जण मध्येच नोकरी बदलून बंगळुरूला गेला की उरलेल्यांशी तुमचा कागदोपत्री काहीच संबंध राहत नाही.

३. करार, म्हणजे या सगळ्यातलं मुख्य काम

आपल्याकडे राहत्या घराचा जो करार होतो तो लीव्ह अँड लायसन्स. यात तुम्ही भाडेकरूला ठरावीक मुदतीसाठी फक्त राहायची परवानगी देता, घरात त्याचा हक्क तयार होत नाही. लोक भाडेकरार म्हणतात, मीही म्हणते, पण कागदावर लीव्ह अँड लायसन्सच असलं पाहिजे.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की ११ महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायची गरज नाही. देशात बऱ्याच ठिकाणी ११ महिने यासाठीच करतात, कारण केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते. पण महाराष्ट्रात आपला वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, आणि त्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी असला पाहिजे आणि रजिस्टर झालाच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर ३३. आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाद झाला तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर.

हे मी अनुभवातून सांगतेय. पहिल्या वर्षी ब्रोकर म्हणाला, ताई कशाला खर्च करताय, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, सगळे तेच करतात. मी मान डोलावली. डिपॉझिट ६० हजार घेतलं, त्यातले ३५ रोख. सातव्या महिन्यापासून भाडं यायचं बंद झालं, आणि विचारायला गेले तर तो गृहस्थ शांतपणे म्हणाला की मी डिपॉझिट १ लाख दिलंय, त्यातून वळते करा. वकिलांकडे गेले, त्यांनी कागद बघितला आणि कलम ५५ वाचून दाखवलं. पाच महिने गेले, भाडं बुडालं ते बुडालं, वर घर रिकामं करून घ्यायला त्यालाच पैसे देऊन मिटवावं लागलं. रजिस्टर करायला जेवढे लागले असते त्याच्या पन्नासपट तरी गेले असतील, आणि रात्र-रात्र झोप नाही ती वेगळीच.

आता खर्च किती ते बघा म्हणजे पटेल. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. भाडं २२ हजार, ११ महिने, डिपॉझिट ६६ हजार असेल तर २ लाख ४२ हजार अधिक ६ हजार ५०, याचे पाव टक्का म्हणजे सहाशे-सातशे रुपये. नोंदणी फी शहरात १ हजार, ग्रामीण भागात ५००. हे काम ऑनलाइन होतं, नोंदणी विभागाच्या साइटवर करार तयार करून आधारवर अंगठा द्यायचा, निबंधक कार्यालयात जायची गरज नाही. स्वतः जमत नसेल तर एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतात, त्यांची फी वेगळी, ती आधीच विचारून घ्या. हा सगळा खर्च बहुतेक ठिकाणी मालक-भाडेकरू निम्मा-निम्मा वाटून घेतात. झालं की रजिस्टर झालेल्या कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा थोडक्यात सरकारी उतारा) दोन्ही उतरवून ठेवा.

करारात काय काय असावं? एजंटचा ठरलेला नमुना असतो, तो वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. मुदत आणि लॉक-इन, म्हणजे किती महिने दोघांपैकी कोणीच सोडायचं नाही. त्यानंतर नोटीस किती, साधारण एक महिना. मेंटेनन्स कोण भरणार. वीज, गॅस, इंटरनेट कोणाचं. पुढच्या वर्षी किती टक्के वाढ, पाच ते दहा टक्के चालू आहे. रंगाचे पैसे कापणार असाल तर किती, ते आत्ताच आकड्यात. घरात कोण कोण राहणार त्यांची नावं. आणि सामानाची यादी परिशिष्ट म्हणून जोडा, पंखे किती, ट्यूब किती, गिझरची कंपनी, पडद्याचे रॉड सुद्धा. करार ११ महिन्यांचाच हवा असं नाही, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. भाडेकरू चांगला वाटला तर मी आता सरळ २२ महिन्यांचा करते, दरवर्षीची धावपळ वाचते.

पैसे सगळे बँकेतून. डिपॉझिट, भाडं, टोकन, काहीही रोख नको.

तुम्ही परदेशात असाल तर इथल्या विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करा, म्हणजे तुमच्या वतीने तो करार करू शकेल. ते तिकडे केलं असेल तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे लोक विसरतात आणि ऐन कराराच्या वेळी अडकतात.

४. पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे. पुणे, मुंबई दोन्हीकडे पोलिसांच्या साइटवर फॉर्म ऑनलाइन भरता येतो, करार, फोटो, ओळखपत्र जोडायचं आणि पोच जपून ठेवायची. पोलीस आयुक्त तसे आदेश काढत असतात आणि माहिती दिली नाही म्हणून मालकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत, त्यामुळे नंतर करू म्हणून ठेवू नका.

सोसायटीचं मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण इथे नवीन माणसाला सगळ्यात जास्त घाबरवलं जातं. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि रजिस्टर्ड कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. पत्र द्या, पोच घ्या, ईमेलही करा. कमिटीचे लोक एनओसी एनओसी (ना हरकत दाखला) करतात तेव्हा भांडू नका, नम्रपणे उपविधी दाखवा, बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

दुसरं, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने यावर मर्यादा घातली आहे, सेवा शुल्काच्या (मेंटेनन्स बिलातला वॉचमन, साफसफाई, कॉमन लाइट अशा सोयींचा भाग) जास्तीत जास्त १० टक्के. इथे गोम अशी की १० टक्के हे सेवा शुल्काचे, पूर्ण मेंटेनन्स बिलाचे नाहीत आणि भाड्याचे तर मुळीच नाहीत. बिलात सेवा शुल्क १,५०० असेल तर महिन्याला १५० रुपये, बस. कुठे कुठे सरसकट हजार-दीड हजार लावतात, तेव्हा लेखी हरकत घ्या. आणि आई-वडील किंवा मुलगा-मुलगी राहत असेल तर हा आकार लागतच नाही. पण तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी बघा. पुण्यात अपार्टमेंट खूप आहेत, त्यांचा कायदा १९७० चा वेगळा आहे आणि तिथे इमारतीचं घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) व त्यातले नियम बघावे लागतात.

५. किल्ली देण्याचा दिवस

करार रजिस्टर झालेला, डिपॉझिट खात्यात आलेलं, मगच किल्ली. सामान घेऊन टेम्पो खाली उभा आहे, करार पुढच्या आठवड्यात करू, असं कितीही गोड बोलून सांगितलं तरी नाही म्हणा. मला स्वतःला नाही म्हणायला फार जड जातं, म्हणून मी आता पहिल्याच फोनवर सांगून टाकते म्हणजे कोणाची अडचण होत नाही.

त्या दिवशी रिकाम्या घराचा सावकाश व्हिडिओ काढा, भिंती, ओट्याखालचे कप्पे, बाथरूमचे कोपरे, खिडक्यांच्या काचा, आणि तो तिथेच भाडेकरूला व्हॉट्सअॅपवर पाठवा. वीज मीटरचा आणि गॅस मीटरचा रीडिंगसकट फोटो. किल्ल्या किती दिल्या ते लिहून. महावितरणचा ग्राहक क्रमांक भाडेकरूला द्या, पण बिल भरलं का हे दर महिन्याला तुम्ही स्वतः बघा, मीटर तुमच्या नावावर आहे आणि थकबाकी तुमच्याच नावावर चढते.

६. मधले महिने

गळती, पंप, शॉर्ट सर्किट असं काही झालं की लगेच माणूस पाठवा. बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक हे भाडेकरूने बघायचं, भिंतीतली पाइप, वायरिंग, गिझर जुना होऊन बंद पडला तर तुम्ही. एवढं तत्त्व ठरलं की वाद होत नाहीत. घर तुमचं असलं तरी आत आता दुसऱ्याचा संसार आहे, तेव्हा न सांगता दार वाजवू नका, आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा. आणि भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं, कुलूप बदलणं हे कधीच करू नका. अत्यावश्यक सेवा बंद करायला त्याच भाडे नियंत्रण कायद्याने मनाई आहे, कलम २९, आणि तसं केलंत तर बाजू खरी असूनही तुम्हीच आरोपी होता.

७. इन्कम टॅक्स

भाडं रिटर्नमध्ये दाखवायचंच. हिशोब सोपा आहे, वर्षाच्या भाड्यातून तुम्ही भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा, उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजा. वरच्याच उदाहरणात २ लाख ४२ हजारांतून १८ हजार गेले, २ लाख २४ हजार राहिले, त्याचे ३० टक्के म्हणजे ६७ हजार २००, उरले १ लाख ५६ हजार ८००. रंगाला किंवा प्लंबरला प्रत्यक्षात किती गेले याने फरक पडत नाही, ते त्या ३० टक्क्यांत आलं. लोन असेल तर व्याजही वजा होतं, आणि त्यामुळे तोटा आला तर इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत (ओल्ड रेजीम) वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो, उरलेला पुढची आठ वर्षं घराच्या उत्पन्नातून. नव्या पद्धतीत (न्यू रेजीम) मात्र पगारातून वजा करता येत नाही. कोणती पद्धत घ्यायची हे नोकरदारांनी सीएला विचारूनच ठरवा.

भाडं महिना ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो. मालक अनिवासी (एनआरआय) असेल तर ही मर्यादाच नाही, भाडं दहा हजार असलं तरी भाडेकरूला ३० टक्के आणि वर सेस कापावा लागतो. अमेरिका-दुबईतल्या आपल्या लोकांचे इथले भाडेकरू हे बऱ्याचदा कापत नाहीत कारण दोघांनाही माहीत नसतं, मग नोटीस येते ती बिचाऱ्या भाडेकरूला. त्यांना आधीच सांगा. आणि भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या, जुन्या बचत खात्यात नको.

८. घर सोडताना

नोटीस आली की एकदा जाऊन घर बघा, काय दुरुस्त करून द्यायचंय ते तेव्हाच सांगा म्हणजे शेवटच्या दिवशी तोंडं वाकडी होत नाहीत. शेवटच्या दिवशी तोच जुना व्हिडिओ समोर ठेवून दोघांनी मिळून घरभर फिरायचं. दोन वर्षं राहिल्यावर भिंतीला थोडे डाग, कपाटाचं बिजागर सैल, हे वापराने होणारच, त्याचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन, तुटलेली काच, थकलेलं बिल हे कापा, पावतीसह. आणि उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी, किल्ली घेतानाच ट्रान्सफर करा. पुढच्या घराचं डिपॉझिट भरायला त्यांना हेच पैसे लागणार असतात, ते आठ-आठ दिवस अडवून ठेवणं बरोबर नाही.

९. आणि मुदत संपूनही नाहीच निघाला तर

आधी एक भीती काढून टाका. बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, हे मी शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलंय. तुमच्या परवानगीने राहणारा माणूस केवळ वर्षं मोजून मालक होत नाही.

मुदत संपून घर सोडत नसेल तर आपल्या भाडे नियंत्रण कायद्यात वेगळी वाट आहे, कलम २४. नेहमीच्या दिवाणी कोर्टात दावा न लावता सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा. भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली किंवा मिळाली नाही तर घर रिकामं करायचा आदेश होतो. मुदत संपल्यानंतर जेवढे दिवस तो राहिला तेवढ्या दिवसांची नुकसानभरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. आणि इथे लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा धरला जातो, म्हणूनच तिसऱ्या पायरीवर मी एवढी अडून बसले.

अर्ज करायच्या आधी वकिलांकडून नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. मुदत संपल्यावरही तो पैसे पाठवत राहिला तर हे नूतनीकरणाचं भाडं नाही, नुकसानभरपाईपोटी घेतोय, असं लगेच लेखी उत्तर द्या. सोबत लागेल रजिस्टर्ड करार, इंडेक्स टू, तुमच्या मालकीचा कागद, बँकेचं स्टेटमेंट, पोलिसांची पोच. माझ्याकडे हे सगळं आता एका निळ्या फाइलमध्ये आणि फोनमध्ये असं दोन ठिकाणी असतं, मुदत संपायच्या दोन महिने आधीचा गजर लावलेला असतो, आणि गजर वाजला की भाडेकरूला एकच मेसेज जातो, पुढे राहणार की सोडणार ते पंधरा दिवसांत कळवा.